दोष ऑर्फियसचा नव्हे, पडद्याच्या मापाचा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘ऑर्फे’ या फ्रेंच चित्रपटाच्या सांगलीतल्या खेळावर लेख आला आहे. ग्रीक पुराणातली गोष्ट मोटारी आणि रेडिओच्या शहरात आणून बसवलेला हा प्रायोगिक सिनेमा सांगलीकरांच्या डोक्यावरून गेला, निम्मे लोक मध्येच उठले, असले प्रयोग पुण्या-मुंबईच्या महोत्सवांतच शोभतात, असा त्याचा एकूण सूर. लोक उठून गेले हे खरं आहे. मी मागच्या रांगेत कडेलाच बसलो होतो, जाणाऱ्यांना वाट द्यायला पाय आखडून घेत होतो. पण ते का उठले, हे लेखकमहाशयांनी कुणाला विचारलेलं दिसत नाही. मी विचारलं. कॉलेजचा एक मुलगा म्हणाला, “काका, खालची ओळ दिसतच नाही की. वरचं वाक्य वाचतोय तोवर खालचं गायब.”

मला हे पहिल्या पाच मिनिटांतच कळलं होतं, कारण माझा जन्म गेला तो टॉकीजच्या केबिनमध्ये. ऑपरेटर होतो. कार्बनच्या कांड्या जाळून दिवा करायचो तेव्हापासून झेनॉनचा दिवा येईपर्यंत आणि पुढे रीळच बंद होईपर्यंत. त्यामुळे सिनेमा बघताना माझं अर्धं लक्ष गोष्टीकडे असतं आणि अर्धं पडद्याच्या कडांकडे. ही खोड आता जायची नाही.

‘ऑर्फे’ १९५० सालचा आहे. रुंद पडदा त्यानंतर तीनेक वर्षांनी आला. त्याआधीचं चित्र जवळपास चौकोनी असायचं. उंची आठ धरली तर रुंदी अकरा. आजचे प्रोजेक्टर मुळातच आडव्या चित्रासाठी बनवलेले. त्यावर जुना सिनेमा लावला की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात, आणि त्या राहायलाच हव्यात. परवा कुणाला तरी त्या पट्ट्या डोळ्यांत खुपल्या. ‘पडदा भरून दिसू दे’ म्हणून त्यांनी चित्र फुगवलं. असं केलं की वरखाली मिळून चित्राचा जवळजवळ चौथा हिस्सा पडद्याबाहेर जातो. वर नट-नट्यांची कपाळं कापली गेली आणि खाली इंग्रजी संवादपट्टी. फ्रेंच आपल्याला येत नाही आणि इंग्रजी ओळ छाटलेली, मग माणूस बसेल कशाला? मराठी सिनेमा असा दाखवला असता तरी लोक उठून गेले असते.

आमच्या वेळी प्रोजेक्टरच्या गेटमध्ये, म्हणजे फिल्म दिव्यासमोरून जाते त्या खिडकीत, प्रत्येक मापाची वेगळी प्लेट सरकवायची, लेन्स बदलायची. स्कोपचा, म्हणजे फिल्मवर दाबून छापलेला रुंद पडद्याचा सिनेमा चुकून साध्या लेन्सवर लागला की पडद्यावर सगळी माणसं काटकुळी आणि लांबुडकी दिसायची, आणि पहिल्या मिनिटात खालून शिट्ट्या. शिट्टी हाच आमचा इन्स्पेक्टर. परवाच्या प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या नाहीत, कारण ‘कलात्मक’ सिनेमा आहे, असंच असेल, अशी त्यांनी समजूत करून घेतली. सभ्य लोकांचा हाच घोटाळा होतो.

आणखी दोन गोष्टी. मागचं दार सताड उघडं होतं, रस्त्यावरचा उजेड थेट पडद्यावर येत होता, त्यामुळे या सिनेमातला काळा रंग शेवटपर्यंत काळा झालाच नाही, राखाडी राहिला. आणि मध्यंतर! दीड तासाच्या थोडा वर असलेला हा सिनेमा मध्यंतराशिवाय बनवलेला आहे. नायक रबरी हातमोजे घालतो, आरशाकडे दोन्ही हात पुढे करतो, काच पाण्यासारखी दुभंगते आणि तो आत जातो, नेमके त्याच क्षणी दिवे लागले. मग आभारप्रदर्शन झालं. देणगीदारांची नावं वाचून झाल्यावर पुन्हा पाताळ सुरू.

खेळ ठेवणाऱ्या मंडळींवर माझा राग नाही. पदरचे पैसे घालून त्यांनी हा सिनेमा सांगलीत आणला, ते कौतुकाचंच. राग आहे तो सिनेमावर आणि सांगलीकरांवर दोष टाकून मोकळ्या होणाऱ्या लेखावर.

आता लेखातला मुख्य मुद्दा. ग्रीक गोष्ट आपल्याला परकी आहे, म्हणे. मूळ गोष्ट अशी: ऑर्फियस हा मोठा गायक, त्याची बायको युरिडिसी साप चावून मरते. तो तिच्यामागे पाताळात जातो, गाण्याने तिथल्या राजा-राणीला पाझर फोडतो, आणि एका अटीवर तिला परत मिळवतो. वर उजेडात पोचेपर्यंत मागे वळून पाहायचं नाही. तो पाहतो. ती जाते.

लेखकमहाशयांनी महाभारताचं आदिपर्व उघडावं. तिथे रुरू आणि प्रमद्वरा आहेत. लग्न ठरलेलं, ती मैत्रिणींबरोबर खेळत असताना तिचा पाय झोपलेल्या सापावर पडतो आणि ती मरते. रुरू रानात जाऊन आक्रोश करतो. देवदूत सांगतो, तुझं अर्धं आयुष्य दे, ती उठेल. तो देतो, ती उठते. साप तोच, विरह तोच, फक्त तोडगा वेगळा. आमच्या ऋषिकुमाराने हिशेब आधीच चुकता केला म्हणून त्याचं निभावलं. आणि मागे वळून पाहू नये हे कळायला ग्रीक कशाला व्हायला हवं? आपल्याकडे स्मशानातून परतताना कुणी मागे वळून बघतं का?

पुराण आजच्या काळात आणून बसवणं ही परदेशी टूम आहे, असंही एक वाक्य लेखात आहे. हे मुंबईच्या कुणी लिहिलं असतं तर सोडून दिलं असतं. पण विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ ज्या गावात उभं केलं, त्या गावच्या पुरवणीत ते छापून यावं? कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर याच सांगलीचे. त्यांचं ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आलं, तेव्हा प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, सैरंध्रीत हिंदभूमी दिसली, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल दिसले. एका अक्षरात कर्झनचं नाव नव्हतं. तरी सरकारला ते अचूक कळलं आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. पुढे १९२० साली कोल्हापुरात बाबुराव पेंटरांनी त्यावरूनच ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला. म्हणजे जुनी गोष्ट चालू काळाच्या अंगावर घालून बघायची सवय आपल्याला शंभर वर्षांहून जुनी आहे. मग एका फ्रेंच कवीने ती केली तर बिचकायचं काय?

हा कवी म्हणजे जाँ कॉक्तो. कवी, नाटककार, चित्रकार, सगळंच. १९२६ साली याच विषयावरचं त्याचं नाटक रंगभूमीवर आलं होतं, १९३० मध्ये ‘कवीचं रक्त’ नावाचा छोटा सिनेमा केला, त्यातही एक कलावंत आरशात उडी मारतो. ‘ऑर्फे’ केला तेव्हा तो साठीला आलेला होता. ऑर्फियस इथे नावाजलेला कवी आहे, तरुण कवी त्याच्यावर जळतात, कॉफीच्या दुकानात तोंड फिरवतात. मृत्यू म्हणजे काळ्या पोशाखातली एक राजकन्या. तिची काळी रोल्स रॉइस आहे, आणि तिच्या हुकमावर मोटारसायकलवाले माणसांना उडवतात. तिच्या गाडीचा रेडिओ आकडे आणि विचित्र वाक्यं बोलत राहतो. ऑर्फियस त्याच्या इतका नादी लागतो की घर, बायको सोडून गॅरेजमध्ये बसून ती वाक्यं उतरवून घेत राहतो.

लेखकाने या रेडिओला ‘निरर्थक बडबड’ म्हटलं आहे. तो रेडिओ समजला नाही तर या सिनेमातलं आधुनिक शहरही समजणार नाही. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात असताना लंडनहून बीबीसी फ्रेंच भाषेत असेच निरोप सोडायची. ऐकायला वेडगळ वाक्यं, पण भूमिगतांना त्यांचा अर्थ ठाऊक असायचा. घरोघरी लोक दारं लावून, आवाज बारीक करून ऐकत. पॅरिस सुटलं १९४४ मध्ये आणि सिनेमा आला १९५० मध्ये. म्हणजे थिएटरात बसलेल्या प्रत्येकाच्या कानात तो आवाज ताजा होता. रात्री दारात थांबणारी काळी गाडी, मोटारसायकली, उघड्याबोडक्या खोलीत टेबलामागे बसून कागद पुढे सरकवत जबान्या घेणारे लोक, हे त्यांनी सहा वर्षांपूर्वी डोळ्यांनी पाहिलं होतं. कॉक्तोने पाताळाचे न्यायाधीश साध्या कोटातले कारकून केले आहेत. मृत्यूलासुद्धा तिथे वरून आलेले हुकूम पाळावे लागतात, आणि तो वरचा कोण, कुठे बसतो, हे तिलाही माहीत नाही. तहसील कचेरीत सात-बाऱ्यावरच्या नावासाठी हेलपाटे घातलेल्या माणसाला हा प्रसंग समजावून द्यायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. फक्त संवादपट्टी दिसली पाहिजे.

पाताळाचं चित्रीकरण कुठे केलंय तेही सांगतो. फ्रान्समधल्या सां-सीरची लष्करी प्रबोधिनी युद्धात बॉम्बने उद्ध्वस्त झाली होती, तिच्या भग्न भिंतींमध्ये. सेट बांधायचा खर्च नाही, शहराची जखम तशीच कॅमेऱ्यासमोर. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आपल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. ते ओसरल्यावर गावभागात, मारुती चौकात, पेठांमधून जे कुणी चालले असतील, भिंतींवरची गाळाची रेघ आणि रस्त्यावर आणून टाकलेले संसार ज्यांनी पाहिले असतील, त्यांना या प्रसंगात काय आहे ते लगेच कळावं. पण परवा उघड्या दारातून उजेड येत होता आणि ते अवशेष पडद्यावर दिसतच नव्हते.

लेखात ‘स्वस्त चमत्कार’ असाही शब्द आहे. इथे मला थोडं सविस्तर लिहू द्या, कारण माझ्या हातून लाखो फूट फिल्म गेली आहे आणि हे चमत्कार कसे केले असतील ते ओळखण्यात मला सगळ्यात जास्त मजा आली.

हातमोज्यांचा प्रसंग घ्या. मोजे हातांवर आपोआप उडी मारून बसतात. नीट बघितलं तर कळतं, नटाने मोजे काढले आहेत आणि ती फिल्म उलटी चालवली आहे. रिळाच्या काळात याची एक साधी युक्ती होती. कॅमेरा उलटा धरून शॉट घ्यायचा आणि मग तो तुकडा शेवटाकडून फिरवून जोडायचा. माणसं सरळ दिसतात, काळ मात्र मागे जातो. मेलेली माणसं या सिनेमात अशीच उठतात. पडायचं ते उलटं झालं की त्या उठण्यात काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं, आणि मेलेल्याचं उठणं असंच वाटायला हवं.

आरशात हात जातो तो प्रसंग त्याहून भारी. तो आरसा नाहीच, पाऱ्याने भरलेला हौद आहे, आणि कॅमेरा असा लावला आहे की आडवा पारा उभा वाटावा. पाणी वापरलं असतं तर बुडालेला हात आतही दिसला असता आणि तरंग लपले नसते. पारा आरपार दिसत नाही. हात जितका आत जाईल तितका नाहीसा होतो आणि वर त्याचं प्रतिबिंब राहतं. (कॉलेजच्या पोरांनी हे करून बघायला जाऊ नये, पाऱ्याची वाफ विषारी असते.) काही ठिकाणी तर काचच नाही. रिकामी चौकट, पलीकडे तशीच दुसरी खोली, आणि पाठमोरा उभा असतो तो दुसराच माणूस. आपल्या दादासाहेब फाळक्यांना जादूचे प्रयोग करून दाखवायचा नाद होता, आणि ‘कालिया मर्दन’ १९१९ सालचा. ही विद्या आपल्याकडेही होती. तेव्हा तिला कुणी स्वस्त म्हटलं नाही, लोकांनी चपला बाहेर काढून सिनेमे बघितले.

एका जागी कॉक्तो मूळ गोष्ट थोडी वाकवतो आणि ती मला मुळापेक्षा आवडली. इथे अट वाट संपेपर्यंतची नाही, जन्मभराची आहे. घरी आल्यावरही नवऱ्याने बायकोचं तोंड बघायचं नाही. मग दोघांची घरात जी तारांबळ उडते! ती टेबलाखाली लपते, तो छताकडे बघत चालतो. परवा या प्रसंगाला हॉलमध्ये खसखस पिकली होती, म्हणजे जे कळत होतं ते लोकांना आवडतही होतं. आणि शेवटी घात होतो तो गाडीत, पुढच्या छोट्या आरशात त्याला मागे बसलेली ती दिसते म्हणून. जुन्या गोष्टीला नवी मोटार जोडली ती उगीच नाही.

मला तर बघताना सारखं वाटत होतं, हे सांगलीत करता येईल. ऑर्फियस मिरजेचा गवई, सतारमेकर गल्लीत राहणारा. आकाशवाणी सांगलीवर रात्री कार्यक्रम संपल्यावर कुणीतरी आकडे वाचतंय. पाताळात जायची वाट हरिपूरच्या पेवातून. तरुण वाचकांसाठी सांगतो, हळद साठवायला जमिनीत खोल खोदलेली ही कोठारं; तोंड माणूस उतरेल एवढंच, आत खोलीएवढी जागा. उतरण्याआधी दिवा सोडून बघायचे, दिवा विझला तर आत हवा नाही, थांबायचं. २००५ च्या पुरात त्यांतली बरीच निकामी झाली, पण जागा आहेत. असा पाताळप्रवेश पॅरिसमध्ये शोधून सापडला नसता. कॅमेरे आता प्रत्येकाच्या खिशात आहेत. नाट्यपंढरीतल्या पोरांना पुराण पाठ आहे, शहर पायाखालचं आहे. पण त्यांनी हा सिनेमा धड पाहिलाच नाही तर त्यांना सुचणार कसं? म्हणूनच आपल्या लेखातलं ‘पुन्हा असले प्रयोग नकोत’ हे वाक्य मला लागलं.

आयोजकांना माझी विनंती आहे की हाच सिनेमा याच हॉलमध्ये पुन्हा दाखवावा. चित्र मूळ मापात ठेवावं, काळ्या पट्ट्यांची लाज बाळगू नये. मागच्या दाराला जाड काळा पडदा लावावा. मध्यंतर नको, आभार शेवटी मानावेत, तोपर्यंत जे थांबतील ते मनापासून ऐकतील. गोष्टीचा मराठी सारांश एका पानावर छापून आधी वाटावा; इंग्रजी पट्टी भरभर वाचणं सगळ्यांना जमत नाही आणि त्यात कमीपणा काही नाही. खेळाच्या आदल्या दिवशी मी हॉलवर येऊन माप, फोकस आणि आवाज लावून देईन. पैसे नकोत. प्रोजेक्टर नवा असला तरी पडद्याच्या कडा मला अजून दिसतात. आणि तेव्हाही लोक उठून गेले, तर मी आपल्या लेखकमहाशयांचं म्हणणं जरूर मान्य करेन.

ता. क. : लेखातल्या दोन तपशिलांची दुरुस्ती छापावी. ‘ऑर्फे’ला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार आणि ऑस्कर मिळालं, आणि तो रिओच्या कार्निव्हलमध्ये घडतो, असं लिहिलं आहे. तो सिनेमा वेगळा. मार्सेल कामू या दिग्दर्शकाचा ‘ब्लॅक ऑर्फियस’, १९५९ सालचा, रंगीत, आणि त्यातला ऑर्फियस ट्राम चालवतो. गोष्ट तीच असल्याने गल्लत झाली असावी. दुसरं, लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘युरिडिसीच्या भूमिकेतील अभिनेत्री’ असं छापलं आहे. युरिडिसीचं काम मारी देआ हिने केलं आहे. छायाचित्रातल्या बाई म्हणजे मारिया काझारेस, आणि त्यांनी केलेली भूमिका मृत्यूची आहे.

आपला,
एक निवृत्त ऑपरेटर, सांगली
(नाव छापू नये, ही विनंती.)